पुलावरून रस्ता दिसतो, पण उतरता येत नाही

सोलापुरातल्या एका वाहतूक व्यावसायिकांनी विचारलं आहे: त्यांची कांद्याची गाडी जिल्ह्याबाहेरच्या एका नव्या द्रुतगती मार्गावरून चालली होती. ज्या महामार्गाला लागायचं होतं तो पुलाखाली ड्रायव्हरला स्पष्ट दिसला, पण त्या दिशेला उतरायला रॅम्पच नव्हता. पुढच्या जंक्शनपर्यंत जाऊन मागे यावं लागलं आणि चोवीस किलोमीटरचा फेरा पडला. इंग्लंडमध्ये राहणारा त्यांचा भाचा म्हणतो की तिकडेही अशी अर्धवट जंक्शनं भरपूर आहेत. मग ही इंजिनिअरची चूक म्हणायची की मुद्दाम केलेली गोष्ट? आणि राहिलेला रॅम्प नंतर जोडता येतो का?

रस्त्यांच्या आखणीत माझी तीसेक वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी सोलापूरलाच बसून. तुमचा राग मला समजतो. लोड भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं तरी त्या फेऱ्यात सहा लिटर डिझेल गेलं, वेळ गेला तो वेगळाच. तरीही आधी हे सांगतो की जंक्शनला सगळ्या दिशांचे रॅम्प नसणं ही बहुतेक वेळा चूक नसते. विचार करून, हिशेब मांडून ती दिशा सोडलेली असते. चूक कुठे होते ते पुढे सांगतो, कारण ती एक चूक मी स्वतः करून बसलो आहे.

आधी हिशेब. दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे चार बाजूंनी गाड्या येतात. प्रत्येक बाजूच्या गाडीला तीन वाटा असतात: डावी, सरळ आणि उजवी. म्हणजे एकूण बारा हालचाली. पूल बांधला की सरळ जाणाऱ्या चार सुटल्या, राहिल्या वळणाऱ्या आठ. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे चार डावी वळणं स्वस्तात होतात. कडेने एक तिरका रॅम्प काढला की काम झालं. खरा खर्च चार उजव्या वळणांचा. उजवीकडे जायचं तर समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागते, आणि ती न ओलांडता जायचं तर एक तर आणखी पूल हवा, नाही तर लूप. लूपमध्ये गाडी पूल ओलांडून पुढे जाते आणि डावीकडे पाऊण वर्तुळ फिरून उजव्या दिशेला लागते. अशी चार लूप एकत्र केली की क्लोव्हरलीफ होतं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या वुडब्रिज इथे 1929 मध्ये असं पहिलं क्लोव्हरलीफ उभं राहिलं.

या लूपला जागा किती लागते ते पाहा. ताशी 40 किलोमीटरचा वेग, वळणाला 7 टक्के सुपर (म्हणजे बाहेरची कड उचलून दिलेला आडवा उतार) आणि टायरचं घर्षण 0.15 धरलं तर त्रिज्या येते सुमारे 57 मीटर. आम्ही 60 धरतो. नुसतं ते वर्तुळच पावणेतीन एकरांचं होतं. त्याच्या बाहेरून जाणारा डावा रॅम्प, भरावाचे उतार, गटार, कुंपण हे सगळं त्यावर. खालून 5.5 मीटर उंचीची मोकळी जागा सोडायची, वर गर्डरची जाडी, म्हणजे दोन रस्त्यांत सात-साडेसात मीटरचा फरक पडतो. तो 280 मीटरच्या लूपमध्ये उतरवला की साधारण अडीच टक्क्यांचा चढ मिळतो, आणि उसाचा भरलेला ट्रॅक्टर तो दम न लागता चढतो. लूप याहून लहान केलं तर चढ वाढतो, गाडी उलटायचा धोका वाढतो. म्हणजे जागेत कंजूषी करता येत नाही. एका कोपऱ्यात विहीर, दुसऱ्यात रेल्वेची हद्द आणि तिसऱ्यात ओढा असेल, तर आठही वळणं बसवायची कुठे, हा प्रश्न कागदावर येतोच येतो.

आणि चारही लूप बसली तरी सुख नाही. एका लूपवरून येणारी गाडी मुख्य रस्त्याला मिसळते तिथेच पुढच्या लूपवर जाणारी गाडी मुख्य रस्ता सोडत असते. दोघींना शे-दीडशे मीटरमध्ये एकमेकींची लेन ओलांडायची असते. वाहतूक वाढली की या पट्ट्यात आरसे घासतात आणि ब्रेक वाजतात. त्यामुळे एखादं कमी वापराचं लूप काढून टाकलं की उरलेली तीन जास्त सुरक्षित चालतात. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नकाशावर पेन्सिल ठेवून गाड्यांच्या रेषा काढल्या की लगेच पटतं.

मग कोणतं वळण काढायचं? पहिला प्रश्न असतो की या दोन दिशांमध्ये कुणी जातं का. आपल्याच गावाचं घ्या. सोलापूर म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखं शहर: पुण्याहून हैदराबादला जाणारा 65 क्रमांकाचा महामार्ग, तुळजापूरकडून येऊन विजापूरला जाणारा 52 क्रमांकाचा, शिवाय अक्कलकोटचा रस्ता आणि मंगळवेढ्याचा रस्ता. आता मंगळवेढ्याहून विजापूरला जाणारा माणूस सोलापूरला येईल का? तो उमदीमार्गे थेट जातो. उद्या सोलापूरच्या दारात या दोन दिशांना जोडणारा खास उड्डाण रॅम्प बांधायचा म्हटलं तर त्यावरून वाटसरू विरळाच जाईल. दोन रस्ते एका बाजूला जवळजवळ जात असतील, म्हणजे त्यांच्यातला कोन चिंचोळा असेल, तर त्या कोनात वळणारी वाहतूक नेहमीच नगण्य असते, कारण ज्याला तिकडे जायचं आहे त्याने आधीच आडवाट धरलेली असते.

तुमच्या भाच्याने बहुधा लंडनभोवतीचा एम 25 हा महामार्ग पाहिला असेल. हा 188 किलोमीटरचा वळसा 1986 मध्ये पूर्ण झाला. लंडनहून उत्तरेला जाणारा एम 1 त्याला छेदतो ते त्याचं 21 क्रमांकाचं जंक्शन. तिथून एम 1 च्या उत्तरेकडे जाता येतं आणि उत्तरेकडून एम 25 वर येता येतं. पण एम 1 वरून लंडनच्या दिशेला जायचं असेल तर तिथे वाट नाही. त्यासाठी शेजारचं 21 ए हे जंक्शन, मग ए 405 हा साधा रस्ता, आणि तिथून एम 1 चं 6 क्रमांकाचं जंक्शन. नकाशा पाहिला की त्यामागचा विचार कळतो. दोन-तीन किलोमीटरच्या आत दोन जंक्शनं आहेत, त्यांनी काम वाटून घेतलं आहे. जाणं आणि येणं दोन्ही एकाच बाजूने मिळतं, म्हणून चालकाच्या डोक्यात गोंधळ राहत नाही. तिकडच्या रस्त्यांच्या नकाशापुस्तकांत अशा मर्यादित जंक्शनांची वेगळी यादीच छापलेली असते, कुठून चढता येत नाही आणि कुठे उतरता येत नाही ती. आपल्याकडे अशी यादी छापायला हवी असं मला फार वाटतं.

पण सोडलेल्या दिशेची वाहतूक हवेत विरत नाही. केंब्रिजजवळ गिर्टन म्हणून जंक्शन आहे. एम 11, ए 14 आणि ए 428 तिथे भेटतात. पश्चिमेकडून ए 428 ने येणाऱ्याला दक्षिणेकडे एम 11 वर जायला तिथे थेट वाट नाही. तो मॅडिंग्लीच्या उतारावरून ए 1303 या छोट्या रस्त्याने एम 11 च्या आधीच्या जंक्शनला जातो. म्हणजे महामार्गाने न बांधलेला रॅम्प गावातल्या रस्त्याने बांधून दिला, स्वतःच्या गर्दीची किंमत मोजून. एखादं वळण काढताना हा प्रश्न लिहून ठेवायचा असतो: त्या गाड्या आता कुणाच्या दारातून जाणार? शाळा असेल, बाजार असेल, तर काढलेल्या रॅम्पची बचत खोटी ठरते.

अपुऱ्या जंक्शनांचं आणखी एक मोठं कारण मात्र वाहतूक नाही, ते टोल आहे. रोख पैसे घेणाऱ्या टोलच्या काळात प्रत्येक रॅम्पवर नाका म्हणजे खोल्या, वीज, तीन पाळ्यांची माणसं आणि रोकड सांभाळणं. चार रॅम्पवर चार नाके परवडत नाहीत. म्हणून अंतराप्रमाणे टोल घेणाऱ्या रस्त्यांवर ट्रम्पेट हा आकार आवडता झाला. सगळे रॅम्प एका जोडरस्त्यात आणायचे आणि त्या एकाच रस्त्यावर नाका टाकायचा. जिथे तेवढीही जागा किंवा वाहतूक नव्हती तिथे अर्धंच जंक्शन बांधलं. जपानमध्ये अशी अर्धी जंक्शनं पुष्कळ आहेत, बहुतेक मोठ्या शहराच्या दिशेला तोंड करून. नंतर त्यांनी फक्त इलेक्ट्रॉनिक टोलच्या गाड्यांसाठी छोटी स्वस्त जंक्शनं काढली. आपल्याकडे फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. समृद्धी महामार्गासारख्या अंतराप्रमाणे टोल घेणाऱ्या रस्त्यावर 'नाका परवडत नाही म्हणून रॅम्प नाही' हे उत्तर यापुढे मान्य करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस बसवायचाच नसेल तर खर्च कसला?

अमेरिकेत टोलमुळे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. 1956 च्या कायद्याने तिकडे इंटरस्टेट महामार्गांचं जाळं सुरू झालं. संघ सरकारचा पैसा एखाद्या टोल रस्त्याला जोडणी द्यायला वापरायचा तर त्या रस्त्यावरचा टोल पुढे बंद करावा लागेल, अशी अट होती. टोल रस्ता चालवणाऱ्यांना ते नको होतं. परिणाम असा की पेनसिल्व्हेनियात ब्रीझवुड नावाच्या गावी आय 70 हा महामार्ग टोल रस्त्याला थेट भेटतच नाही. गाड्या महामार्गावरून उतरतात, पेट्रोल पंप आणि हॉटेलांच्या रांगेतून, सिग्नलवर थांबत मैलाच्याही आतलं एक अंतर जातात आणि मग टोल रस्त्याला लागतात. लांब पल्ल्याचा ट्रक आणि चहा प्यायला निघालेला गावकरी एकाच सिग्नलला.

त्याच राज्यात फिलाडेल्फियाच्या वर दुसरं उदाहरण आहे. आय 95 हा पूर्व किनाऱ्याचा मुख्य महामार्ग, मायामीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत तीन हजार किलोमीटरहून लांब. तो पेनसिल्व्हेनियाच्या टोल रस्त्याला छेदून जात होता, आणि त्या दोघांमध्ये दशकानुदशकं एकही जोड नव्हता. सप्टेंबर 2018 मध्ये तिथे उड्डाण रॅम्प खुले झाले. किती? आठपैकी दोनच. पण कोणते दोन ते बघा: आय 95 ने उत्तरेला येणाऱ्याला टोल रस्त्याने पूर्वेकडे न्यू जर्सीला जाण्याचा, आणि न्यू जर्सीकडून पश्चिमेला येणाऱ्याला आय 95 ने दक्षिणेकडे उतरण्याचा. गेलेला माणूस त्याच वाटेने परत येऊ शकतो. पैसे दोनच रॅम्पचे असतील तर ते असे वापरावेत.

आता ती चूक. वळणांचा हिशेब आठ सुटे रॅम्प म्हणून करायचाच नसतो. तो चार जोड्यांचा हिशेब आहे. गावातून सोलापूरकडे जाणं आणि सोलापूरकडून गावात येणं ही एक जोडी. जोडीच्या जोडी सोडली तर लोक दुसरी वाट शोधतात, कुरकुरतात, पण शोधतात. जोडीतला एकच रॅम्प सोडला, येण्याचा दिला आणि जाण्याचा नाही, तर लोक तो स्वतः तयार करतात. येण्याच्या रॅम्पवरून उलटे जातात.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका चौपदरी महामार्गाच्या आराखड्यावर होतो. महामार्ग भरावावर, एक जिल्हा रस्ता त्याच्या खालून बोगद्याने जाणारा. पूर्वेकडून येणारी गाडी गावात उतरेल असा रॅम्प होता. गावातून पूर्वेकडे चढायच्या रॅम्पच्या कोपऱ्यात एक बांधीव विहीर आणि लागून द्राक्षबाग होती. मोजणीच्या तक्त्यात त्या वळणाचा आकडा सगळ्यांत बारीक होता. भूसंपादन लांबेल, खर्च वाढेल, वाहतूक तर नाहीच, अशी चर्चा झाली आणि तो रॅम्प गाळला. नकाशावर सही माझी होती.

रस्ता सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मी पहाटे तिथे जाऊन उभा राहिलो. हिवाळ्याचे दिवस, साडेपाचचा सुमार, शेतावर धुकं. बोगद्याकडून एक मोटारसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, हँडलला लावलेला टॉर्च. दूधवाला क्षणभर थांबला, मान वळवून वर बघितलं, आणि उतरायच्या रॅम्पवरून उलटा चढू लागला. मी हात केला तर म्हणाला, "साहेब, सरळ जायचं म्हटलं तर चार किलोमीटर मागं जाऊन वळून यावं लागतंय. दूध थांबतंय व्हय?" त्याच्यामागून एक ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या उसाच्या, मागे लाल दिवा नाही. तोही त्याच रॅम्पला. ट्रॅक्टरवाल्याने तर मला रस्ता द्यायला हात हलवला, जणू चुकीच्या बाजूला मी उभा होतो.

मी तिथेच वहीत हिशेब मांडला. रॅम्पवरून खाली येणारी गाडी ताशी 40 ने, दूधवाला 30 ने. दोघे एकमेकांकडे ताशी 70 ने, म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटरने येतात. वळणावर, भरावाच्या कडेला बाभळी वाढलेल्या, 50 मीटरच्या पुढचं दिसत नाही. म्हणजे हातात अडीच सेकंद. आणि चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत आम्ही आखणीत धरतो तो वेळच अडीच सेकंदांचा आहे. ब्रेक लागायच्या आत दोघे भेटलेले असतात. वर पोचल्यावर त्याला महामार्गाच्या कडेने समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या तोंडावर आणखी अर्धा किलोमीटर जायचं असतं, ते वेगळंच.

आपण अशा माणसाला बेशिस्त म्हणतो. राँग साइडने जाणं गुन्हा आहेच आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण आठ किलोमीटर जास्तीचे आणि थोडंसं अंतर उलटं, यातलं काय निवडलं जाईल हे रस्ता आखणाऱ्याला कळायला हवं होतं. रोज पहाटे, वर्षातले 365 दिवस. तो दूधवाला आमच्या तक्त्यात दिसला नव्हता, कारण मोजणी करणारी पोरं सकाळी आठला टेबल टाकून बसली होती.

उपाय नंतर झाला आणि तो इतका साधा होता की अजून टोचतो. रॅम्प जंक्शनच्या कोपऱ्यातच असला पाहिजे असा काही नियम नाही. सर्व्हिस रोड द्राक्षबागेच्या कडेने तीनशे मीटर पुढे नेला, जिथे पडीक जमीन होती, आणि तिथून चढायचा रॅम्प काढला. विहिरीला हात लागला नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी कोपऱ्यात अडकून बसलो. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक नकाशावर मी रंगीत पेन्सिलीने जोड्या रंगवतो. जाणं-येणं एका रंगाचं. एखादा रंग एकटा पडला तर ती शीट परत जाते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाचं धोरणही असंच काही म्हणतं: इंटरस्टेटवर नवं जंक्शन मागायचं तर ते सगळ्या दिशांचं असावं, अपुरं असेल तर का, ते वेगळं पटवून द्यावं लागतं. आपल्याकडेही न बांधलेल्या रॅम्पचं कारण आराखड्यात लेखी असलं पाहिजे.

मोजणीबद्दल थोडं. मुख्य रस्त्याची वाहतूक सात दिवस चोवीस तास मोजतात, पण वळणारी वाहतूक बहुधा एका दिवसाचीच मोजली जाते. सोलापूर जिल्ह्यात एका दिवसावर विश्वास ठेवता येत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की जे वळण उन्हाळ्यात रिकामं असतं तिथे ट्रॅक्टरची रांग लागते. कांद्याची आवक वाढली की मार्केट यार्डाकडे जाणारी वळणं तुंबतात. आषाढीला पंढरपूरची दिशा, नवरात्रात तुळजापूरची. कोजागरीला तर सोलापुरातून तुळजापूरला चालत निघालेल्यांनी तो रस्ता भरून जातो आणि गाड्या दुसरीकडून वळवाव्या लागतात. ज्या दिवशी मुख्य रस्ता बंद असतो त्याच दिवशी जंक्शनच्या न वापरल्या जाणाऱ्या वळणांची किंमत कळते. मे महिन्यातल्या एका मंगळवारच्या आकड्यावर रॅम्प गाळू नये.

कधी कधी रस्ताच बांधला गेला नाही म्हणून जंक्शन अपुरं दिसतं. इंग्लंडमधल्या एम 23 वर जंक्शनांचे क्रमांक 7 पासून सुरू होतात. लंडनकडचा भाग, जिथे आधीची जंक्शनं असणार होती, तो कधी झालाच नाही. याच्या उलटही घडतं. ब्रिस्टलजवळ एम 49 वर एव्हनमथचं जंक्शन 2019 च्या अखेरीस बांधून तयार झालं, पण शेजारच्या औद्योगिक भागाला जोडणारा छोटा रस्ता नव्हता, म्हणून रॅम्प तयार असूनही वर्षानुवर्षं बंद राहिले. आपल्याकडे पूल उभा आणि दोन्हीकडचा जोडरस्ता नाही, हे दृश्य कुणाला नवं आहे?

तुमच्या ड्रायव्हरच्या बाबतीत रॅम्प नसण्याइतकाच दोष पाटीचा असावा असं मला वाटतं. ताशी 120 ने जाणारी गाडी दोन किलोमीटर एका मिनिटात संपवते; तुमचा ट्रक 80 ने गेला तरी दीड मिनिटात. तेवढ्यात पाटी वाचायची, ठरवायचं, लेन बदलायची. जिथून एखादी दिशा मिळत नाही तिथे ते मागच्या जंक्शनच्या आधीच लिहिलं पाहिजे: 'सोलापूरसाठी येथेच बाहेर पडा, पुढे वाट नाही.' पुलावर पोचल्यावर लावलेली पाटी फक्त चूक झाल्याचं कळवते. आणि तुमच्या ड्रायव्हरांनाही सांगून ठेवा की मोबाइलवरच्या नकाशात दोन रेषा एकमेकींवरून जाताना दिसल्या म्हणजे तिथे जोड असतोच असं नाही. नकाशा मोठा करून रॅम्पची बारीक रेषा शोधायची. ती नसेल तर जोड नाही. आणि चुकून पुढे गेलात तर चोवीस किलोमीटर जा, पण शोल्डरवरून, म्हणजे कडेच्या पट्ट्यावरून, रिव्हर्स घेऊ नका.

राहिलेला रॅम्प नंतर जोडता येतो का? येतो, पण तीन गोष्टी आधीच शिल्लक असाव्या लागतात. कोपऱ्यातली जमीन, जिथे हॉटेल किंवा गोडाऊन उभं राहिलेलं नाही. पुलाचा गाळा, ज्यात मुख्य लेनशेजारी मिसळायची एक जास्तीची लेन मावेल. आणि पुढच्या रॅम्पपर्यंत पुरेसं अंतर. पुलाचे खांब रस्त्याला चिकटून उभे असतील तर मिसळायच्या लेनला जागाच राहत नाही आणि मग पूल रुंद करायचा म्हणजे जवळजवळ नवा पूल. म्हणून आज रॅम्प नको असेल तर नको, पण गाळा रुंद ठेवा आणि जमीन आत्ताच घ्या, असा माझा आग्रह असतो. आज जी पडीक आहे तिला जंक्शन झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी रस्त्यालगतच्या प्लॉटचा भाव येतो.

सोलापूरभोवती अजून रस्ते होणार आहेत, आणि तुमच्यासारख्या लोकांनी आराखड्याच्या वेळीच बोलायला हवं. नकाशा मागून घ्या. आपल्या गावावर बोट ठेवा आणि बोट न उचलता मार्केट यार्डापर्यंत न्या, नेहमी डाव्या बाजूने, बाणाच्या दिशेने. मग तसंच परत या. जिथे बोट उचलावं लागेल तिथला गट नंबर लिहून घ्या, तिथून किती आणि कोणत्या गाड्या वळतात ते हंगामाचा महिना घालून लिहा, आणि त्या जमिनीत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांच्याकडून कारणांसह लेखी हरकत भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ द्या. राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे कलम 3 ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना राजपत्रात निघते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक मराठी. हरकतीला मुदत 21 दिवसांची. ती अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. तुमच्या घरी नोटीस आल्यापासून किंवा शेतात खुणेचा दगड रोवल्यापासून मोजत नाहीत.